मस्टराबाहेरची माणसं

१९५२ साल अमळनेरकरांच्या लक्षात आहे ते साहित्य संमेलनामुळे. कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते, आणि बोरीकाठच्या या गावात महाराष्ट्रभरातले लेखक जमले होते. त्याच वर्षी ४ मार्चला दिल्लीत कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा मंजूर झाला. त्यावर कुणी कविता केली नाही. पण गावातल्या कापड गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाशी त्या वर्षातल्या इतर कुठल्याही घटनेपेक्षा या कायद्याचा संबंध जवळचा होता.

अमळनेर तसं छोटं, पण कारखानदारीची चटक लवकर लागलेलं गाव. भोवताली खानदेशची काळी जमीन, तीत कापूस, आणि कापूस हलवायला सुरत-भुसावळ रेल्वे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रताप शेठांनी इथं गिरणी उभी केली. त्यांच्याच दातृत्वातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर झालं आणि त्यांच्याच नावाच्या हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते. गुरुजी पुढे गिरणी कामगारांतही वावरले. भोंग्यावर चालणारं आणि तत्त्वज्ञानावर बोलणारं असं हे जोडगाव. मात्र तत्त्वज्ञान मंदिराला इमारत मिळाली तेव्हा ती ज्यांच्या घामावर उभी राहिली त्या कामगारांना निवृत्तीनंतर काय मिळेल, याचं उत्तर मालकाच्या मर्जीवर होतं. हा काही अमळनेरचा दोष नव्हे. देशभर तेच होतं.

अपवाद थोडे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकातच कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला होता. काही गोऱ्या कंपन्या, काही रेल्वे, सरकारी खाती यांत फंड होते. १९२५ चा प्रॉव्हिडंट फंड कायदा मुख्यतः सरकारी आणि रेल्वेच्या फंडांपुरता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेमलेल्या रेगे समितीनं देशातल्या कामगारांची पाहणी केली, तेव्हा कारखान्यांतले असे फंड मोजकेच होते आणि असतील तिथंही ते बहुधा कारकुनांच्या वाट्याला येत. साच्यावरचा कामगार म्हातारा झाला की गावी जायचा. शेत असलं तर शेतावर, नसलं तर मुलाच्या दारात.

१५ नोव्हेंबर १९५१ ला आधी वटहुकूम निघाला, मग कायदा आला आणि १ नोव्हेंबर १९५२ पासून योजना पूर्णपणे अमलात आली. सुरुवातीला सहाच उद्योग: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. पन्नास किंवा अधिक कामगार असलेले कारखाने. महिना ३०० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार सभासद. वर्गणी सव्वासहा टक्के, तितकीच मालकाची. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयामागे एक आणा. आणे-पैच्या जमान्यातल्या माणसाला टक्केवारी समजावून सांगायची गरजच नव्हती: तुझा एक आणा, शेठचा एक आणा, दोन्ही सरकारकडे जमा.

पण कामगाराला पहिल्या दिवसापासून सभासद होता येत नव्हतं. एक वर्ष सलग नोकरी, किंवा बारा महिन्यांत २४० दिवस काम, अशी अट होती. गिरणीत ही अट कुणावर पडणार हे उघड होतं. कायम कामगाराचं नाव मस्टरवर वर्षभर असायचं. बदली कामगार मात्र सकाळी फाटकाशी उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर आत जायचा, नाहीतर परत. त्याचे २४० दिवस कधी भरायचे, कधी थोडक्यात हुकायचे. हुकले ते खरोखर काम नव्हतं म्हणून की हजेरी लिहिणाऱ्यानं एक-दोन दिवस गाळले म्हणून, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. फंडाच्या साऱ्या इतिहासातली मुख्य वस्तू म्हणजे कायद्याचं पुस्तक नव्हे, हजेरीचं मस्टर आहे. त्यात नाव असेल तर माणूस आहे.

ही प्रतीक्षेची अट पुढे सहा महिन्यांवर, मग तीन महिन्यांवर आली आणि १ नोव्हेंबर १९९० पासून पूर्ण गेली. तेव्हापासून कामावर रुजू झाला त्या दिवसापासून माणूस सभासद. म्हणजे बदली कामगाराच्या एका पिढीला न्याय मिळायला अडतीस वर्षं लागली.

उद्योगांची यादी मात्र झपाट्यानं वाढत गेली. १९५६ मध्ये साखर, रबर, खाद्यतेलं असे उद्योग आत आले. खाद्यतेल म्हटलं की अमळनेरात दुसरं नाव आपोआप येतं. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी इथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा धुण्याचा साबण हा तिचा माल. तीच पुढे विप्रो झाली. विप्रोचे शेअर पेटीच्या तळाशी जपून ठेवणारी आणि त्यावर सुखानं म्हातारी झालेली अमळनेरची कुटुंबं यांच्या गोष्टी वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापल्या आहेत, की बाहेरच्यांना वाटतं गावात घरोघरी धन सापडलं. ज्यांच्याकडे शेअर होते त्यांच्याकडे होते. बाकीच्यांच्या म्हातारपणाची पुंजी ती वर्षाच्या शेवटी येणारी फंडाची चिठ्ठी. चिठ्ठीवर खाते क्रमांक, सुरुवातीची शिल्लक, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, व्याज, अखेरची शिल्लक. ती घरात देवापाशी ठेवायची आणि मुलगी लग्नाला आली की काढायची. काही जणांना ही चिठ्ठी वर्षानुवर्षं आलीच नाही. त्यांची ही हकीकत.

१९६० च्या अखेरीस पन्नासाची अट वीसवर आली, आणि खानदेशच्या छोट्या कारखानदारीला फंड कायद्याची पहिली खरी ओळख झाली. जळगावच्या डाळमिली, तेलघाण्या, जिनिंग, धुळ्याचे माग, नंतरच्या काळात एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने. यांतल्या बऱ्याच जागी माणसं वीसच्या आसपासच असायची. मग एकोणीस हा आकडा व्यापाऱ्यांच्या हिशेबात फार प्रिय झाला. विसावा माणूस कामाला असायचा, मस्टरवर नसायचा. कुठं एकाच छपराखाली थोरल्या भावाची एक फर्म आणि धाकट्याची दुसरी. कायद्यानं हे आधीच ओळखलं होतं: १९६० मध्येच कलम २अ आलं, की एकाच संस्थेचे विभाग आणि शाखा वेगवेगळ्या मोजायच्या नाहीत. शिवाय एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं वीसपेक्षा कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणजे आत येण्याचा दरवाजा होता, बाहेर जाण्याचा नव्हता. दरवाज्याशी एवढी घुटमळ का व्हायची, ते यावरून कळतं.

आता सगळेच एकोणिसाचे लबाड नव्हते, हेही म्हटलं पाहिजे. खानदेशातल्या लहान कारखान्यात हिशेब बघणारा मुनीम हाच मस्टर लिहिणारा, तोच विक्रीकराचं रिटर्न भरणारा आणि तोच स्टेशनावर बिल्टी सोडवायला जाणारा. त्याच्या हातून होणाऱ्या चुकांचे प्रकार ठरलेले. माणूस एप्रिलमध्ये लागला, नाव जूनपासून चढवलं. महागाई भत्ता वर्गणीत धरायला विसरले. कंत्राटदारानं आणलेली माणसं आपली नाहीतच असं मानलं. कायदा मात्र म्हणतो की कंत्राटदारानं भरलं नाही तर मूळ मालकानं भरायचं. आणि नावं. मस्टरवर भिका दगडू, शाळेच्या दाखल्यावर भिकन दगडू, मतदार यादीत भिकनराव. जन्मतारीख बहुतेकांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच टाकली. या नावांनी पुढे खाती मिळेनात तेव्हा मालक आणि कामगार दोघांच्या सह्यांचं जॉइंट डिक्लेरेशन भरावं लागे. अजूनही लागतं, फक्त आता ते बहुतांशी ऑनलाइन आहे.

मूळ योजनेतच चुकीसाठी एक बारीक जागा ठेवलेली होती. परिच्छेद ३२ सांगतो की कामगाराचा हिस्सा त्या त्या महिन्याच्या पगारातूनच कापायचा. मालक विसरला आणि नंतर आठवलं म्हणून मागच्या सहा महिन्यांचं एकदम कापता येत नाही. तो हिस्सा मग मालकानं पदरचा भरायचा. अपवाद असा, की कापणं राहिलं ते अनवधानानं किंवा कारकुनी चुकीमुळं, आणि इन्स्पेक्टरनं लेखी संमती दिली, तर नंतरच्या पगारातून वळतं करता येतं. मला हा परिच्छेद फार शहाणा वाटतो. चूक कुणाची हे त्यानं आधी ठरवलं आहे आणि चुकीचा भार कामगारावर लादण्याआधी एका तिसऱ्या माणसाला मध्ये उभं केलं आहे. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत माफीच्या ज्या योजना आल्या त्यांच्याकडं मी याच परिच्छेदाच्या मापानं बघतो.

कारण कायद्याचा बाकीचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. १९५३ मध्येच कलम १४ब आलं: उशीर केला तर नुकसानभरपाई, थकबाकीच्या चौथाईपर्यंत. थकबाकी वाढतच गेली. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगानं १९६९ मध्ये सांगितलं की फंडाची थकबाकी वाढते आहे, शिक्षा कडक करा. मग १९७३ ची दुरुस्ती. नुकसानभरपाईची मर्यादा चौथाईवरून थेट थकबाकीइतकी झाली, आणि कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा जमा न करणाऱ्या मालकाला भारतीय दंडविधानात फौजदारी विश्वासघाताच्या कलमाखाली आणलं गेलं. दुसऱ्याचे पैसे सांभाळायला घेऊन खाणारा तो गुन्हेगार, एवढी साधी ती गोष्ट होती. १९७९ मध्ये ऑर्गॅनो केमिकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही ही नुकसानभरपाई उचलून धरली: ती केवळ तोट्याची भरपाई नाही, पुन्हा तसं करू नये यासाठीचा धाकही आहे.

धाक योग्यच होता, पण त्याला मुदत नव्हती. मागं किती वर्षं जाऊन हिशेब मागायचा यावर बंधन नव्हतं. १९९८ मध्ये हिंदुस्तान टाइम्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ब ला कालमर्यादा नाही असंच सांगितलं. १९९७ पासून कलम ७क्यूप्रमाणे बारा टक्के व्याज वेगळं सुरू झालं. मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायला हवं की नको, यावरही न्यायालयांची मतं वर्षानुवर्षं हेलकावे खात राहिली. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या कोडगूच्या फळबाग केंद्राच्या खटल्यात निकाल आला की हेतू पाहण्याची गरज नाही. उशीर झाला, बस. म्हणजे विसरलेला मुनीम आणि विसाव्या माणसाला लपवणारा शेठ कायद्याच्या लेखी एकच.

याचा व्यावहारिक परिणाम काय झाला ते जळगावच्या बाजारात कुणीही सांगेल. ज्याची चूक पाच वर्षं जुनी आहे तो ती स्वतःहून सांगायला नाशिकच्या फंड ऑफिसात जात नाही. सांगितली की कलम ७अ ची, म्हणजे थकबाकी ठरवण्याची चौकशी, मस्टर आणि पगारपत्रकं घेऊन तारखा, मग मुद्दल, त्यावर व्याज, त्यावर नुकसानभरपाई. न सांगितली तर कदाचित काहीच नाही. शहाण्यासुरत्या माणसालाही गप्प बसणं स्वस्त पडावं, अशी ती व्यवस्था होती.

गिरण्यांचं दुखणं याहून मोठं होतं. १९७४ मध्ये आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात धुळ्याची न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण गिरणी सरकारकडे गेली. कामगारांना वाटलं, आता सगळं सुरळीत. पण राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात देणी दोन भागांत वाटलेली होती. सरकारनं ताबा घेण्याच्या आधीची देणी नव्या महामंडळाची नव्हती, जुन्या मालकाची. ती मागायची तर पेमेंट कमिशनरपुढं दावा लावायचा आणि क्रमवारीनं आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. इथं स्वतःहून चूक सुधारायला मालकच उरला नव्हता. फंडाची थकबाकी ही सर्वांत आधी फेडायची, बँकेच्या तारणाच्याही आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितलं तेव्हा २००९ उजाडलं होतं. तो खटला साखर कारखान्यांच्या तारण साखरेचा. तोपर्यंत खानदेशच्या गिरण्यांचे भोंगे आठवणीत जमा होऊ लागले होते.

चूक कबूल करणाऱ्याला वेगळी वागणूक द्यावी, ही कल्पना दुसरीकडं आधी रुजली. अमेरिकेत कंपन्यांच्या निवृत्ती योजनांचे नियम इतके किचकट झाले की जवळपास प्रत्येक योजनेत कुठंतरी खोट निघू लागली, आणि खोट निघाली की सगळ्या योजनेची करसवलत जाण्याची टांगती तलवार. मग १९९२ पासून तिथल्या करखात्यानं स्वेच्छेनं दुरुस्तीची वाट काढली, १९९८ मध्ये अशा वाटा एका व्यवस्थेत गुंफल्या. किरकोळ चूक स्वतः सुधारा, कागद जपून ठेवा, कळवायचीही गरज नाही. मोठी चूक असेल तर अर्ज करा, फी भरा, मंजुरी घ्या. आणि तपासणीत पकडले गेलात तर दंड जास्त. तिन्ही वाटांत एक अट समान: कामगाराला चूक झालीच नसती तर जे मिळालं असतं तिथं नेऊन ठेवायचं. ती व्यवस्था कायमची आहे, वर्षाचे बारा महिने उघडी. आपल्याकडं मात्र खिडकी आली ती सणासारखी, ठरावीक तारखांची.

पहिली खिडकी १ जानेवारी २०१७ ला उघडली. नोटबंदीला दोन महिने होत आले होते, बंडारू दत्तात्रेय श्रममंत्री होते. १ एप्रिल २००९ ते ३१ डिसेंबर २०१६ या काळात कामाला लागलेले पण फंडात नाव नसलेले कामगार मालकानं जाहीर करायचे. कामगाराचा हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ. प्रशासन शुल्क माफ. नुकसानभरपाई? वर्षाला एक रुपया. जाहीर केल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर जाहीरनामा रद्द. ज्याच्यावर ७अ ची चौकशी आधीच चालू असेल त्याला मात्र या खिडकीत जागा नव्हती. मार्चअखेरची मुदत जूनअखेरपर्यंत वाढवली. या काळात एक कोटीहून अधिक नवे सभासद झाले, असं सरकारनं जाहीर केलं. त्यातले किती खरोखर जुने लपवलेले आणि किती नेहमीसारखे नवे लागलेले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. पण एक रुपया हा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. १९७३ च्या कायद्यात थकबाकीइतका दंड आणि २०१७ मध्ये रुपया. गजेंद्रगडकरांना हे वाचून काय वाटलं असतं, असा एक चावट प्रश्न मनात येतो.

मग फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर खटल्याचा निकाल आला. सरसकट सगळ्यांना दिले जाणारे भत्ते हे मूळ पगाराचाच भाग, त्यावरही वर्गणी. मूळ पगार चार हजार आणि ‘विशेष भत्ता’ सहा हजार अशी वाटणी करणारे कारखाने खानदेशातही होते. कालपर्यंत जे सल्लागाराच्या म्हणण्यानं चोख होतं ते एका दिवसात चूक ठरलं. यातल्या अनेकांना खरोखर वाटत होतं की आपण नियमानं चाललो आहोत.

दुसरी खिडकी १ नोव्हेंबर २०२५ ला, भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या वर्धापनदिनी उघडली आणि ३० एप्रिल २०२६ ही तिची अखेर ठरली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ दरम्यान लागलेले कामगार तिच्यात धरले. या वेळी चौकशी चालू असलेल्यांनाही दार खुलं ठेवलं. नुकसानभरपाई एकरकमी १०० रुपये. मालकाचा हिस्सा, त्यावरचं व्याज आणि प्रशासन शुल्क भरायचं. कामगाराचा यूएएन हा सभासद-क्रमांक उमंग अॅपवर त्याचा चेहरा दाखवून काढायचा, म्हणजे कागदावरची भुताटकी नको.

आता एक हिशेब मांडून बघू. समजा, जळगावच्या एखाद्या डाळमिलीत १०,००० रुपये पगाराचा माणूस तीन वर्षं फंडाबाहेर आहे. बारा टक्क्यांनी महिना १,२०० त्याचे आणि १,२०० मालकाचे. छत्तीस महिन्यांचे प्रत्येकी ४३,२००, दोन्ही मिळून ८६,४००. सरासरी दीड वर्षाचा उशीर धरला तर बारा टक्क्यांनी व्याज १५,५५२. नुकसानभरपाई, जून २०२४ पासूनच्या महिना एक टक्का दरानं, तेवढीच. बेरीज १,१७,५०४. विम्याचा हप्ता आणि प्रशासन शुल्क सोडून. तेच खिडकीत गेलं तर ४३,२०० मुद्दल, ७,७७६ व्याज आणि १०० रुपये: ५१,०७६. मालकाचा खर्च निम्म्याहून खाली आला.

कामगाराच्या बाजूनं बघा. त्याच्या नावावर ८६,४०० ऐवजी ४३,२०० पडले. उरलेले ४३,२०० त्याला पगारात मिळालेच होते, असं म्हणता येतं, आणि ते खोटं नाही. पण परिच्छेद ३२ च्या मापानं ती रक्कम मालकानं पदरची भरायची होती. खिडकीनं ती सोडून दिली. बदल्यात काय मिळालं? पेन्शनची तीन वर्षं. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही; मालकाच्या बारापैकी ८.३३ टक्के तिथं जातात. ज्याची सातच वर्षं भरली होती त्याची आता दहा झाली. पेन्शनचं गणित सरळ आहे: पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. १०,००० पगार आणि दहा वर्षं, म्हणजे महिना १,४२८ रुपये. थोडे आहेत. पण शून्य आणि १,४२८ यांतलं अंतर म्हातारपणी फार मोठं असतं. किमान पेन्शन एक हजार रुपये करायलाच सरकारला सप्टेंबर २०१४ उजाडला होता, आणि ते वाढवा म्हणून ईपीएस-९५ चे पेन्शनर आजही मोर्चे काढतात. म्हणून खिडकीचा सौदा मला अगदीच वाईट वाटत नाही.

माझी तक्रार तिच्या एका अटीबद्दल आहे. जाहीरनामा भरण्याच्या दिवशी कामगार हयात हवा आणि त्याच संस्थेत कामावर हवा. जो मधल्या काळात सोडून गेला, त्याच्याबद्दल संघटना खिडकीत आलेल्या मालकांवर स्वतःहून कारवाई करणार नाही, असंही योजनेत म्हटलं आहे. खानदेशच्या मजूर-बाजाराची ज्याला थोडी माहिती आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. सातपुड्यातून आलेली माणसं हंगाम संपला की परत जातात, पुढच्या वर्षी दुसऱ्या जिनमध्ये लागतात. एमआयडीसीत कंत्राटदार बदलला की माणसांची टोळी बदलते. नगरपालिकांच्या कंत्राटी सफाई कामगारांना ८ जानेवारी २०११ पासून हा कायदा लागू आहे, पण ठेकेदार दर वर्षी नवा. ज्यांना फंडाबाहेर ठेवणं सर्वांत सोपं, तीच माणसं सर्वांत लवकर सोडून जातात. आठ वर्षांच्या चुका सुधारायला निघालेल्या मालकाला नेमकी त्यांचीच नावं लिहायची गरज नाही. जो अजून मस्टरजवळ उभा आहे त्याला आत घेतलं, जो फाटकाबाहेर पडला तो बाहेरच.

हमालांच्या बाबतीत महाराष्ट्रानं याचं उत्तर फार आधी शोधलं होतं, हे इथं आठवतं. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक अनेक आणि कामगार एक, म्हणून फंडाची जबाबदारी मालकावर न ठेवता मंडळावर ठेवली. व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही भरतो, मंडळ हमालाच्या नावावर जमा करतं. दुकान बदललं तरी खातं तेच. या मंडळांचा कारभार सगळीकडे चोख आहे असं कुणी म्हणणार नाही. पण त्या मांडणीत सोडून गेलेला हमाल नाहीसा होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला, खिडकी उघडून तीन आठवडे झाले होते तेव्हा, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. फंडाच्या बाबतीत तिच्यात दोन मोठे बदल आहेत. चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा आली, आणि ती शक्यतो दोन वर्षांत संपवायची. खटला भरण्याआधी मालकाला चूक सुधारायला तीस दिवसांची संधी द्यायची, हेही त्यात आहे. मालकाच्या डोक्यावरची बेमुदत तलवार गेली, हे बरंच झालं. तिच्या भीतीनंच अनेक जण गप्प बसत होते. पण पाच वर्षांची रेघ दोन्ही बाजूंनी चालते. जो कामगार २०१९ मध्ये चटईच्या कारखान्यातून निघाला आणि फंड कापला गेला नव्हता हे ज्याला आता कळतंय, त्याच्यापुढे रेघ आधीच ओढलेली आहे.

रेघेच्या अलीकडे असलेल्यानं मात्र स्वतः तक्रार करायची. फंड ऑफिसात लेखी, किंवा ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर. मस्टर मालकाच्या कपाटात असतं, त्यामुळे पुरावा आपल्याकडचा: पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, कारखान्याचा गेटपास, असेल तर ओळखपत्र. पासबुकात पगाराच्या नोंदीसमोर कारखान्याचं नाव छापलेलं असेल तर उत्तम. रोखीनं पगार घेतलेल्यांनी बरोबरच्या दोघा-तिघांना, ज्यांची नावं मस्टरवर होती अशांना, साक्षीला घेऊन जावं.